सायकोत एकाच बॅटरीत अडकलात, तर तयारी त्या एकीपासून

प्रश्न : मी २५ वर्षांचा, भुसावळचा. आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, सध्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला, शिफ्ट ड्युटी. रेल्वेच्या मागच्या असिस्टंट लोको पायलटच्या (एएलपी, म्हणजे इंजिनचालकाचा सहायक) भरतीत दुसरी सीबीटी, म्हणजे संगणकावरची लेखी परीक्षा, चांगल्या मार्कांनी काढली, पण सायकोत, म्हणजे पाच छोट्या चाचण्यांच्या (बॅटऱ्यांच्या) मानसशास्त्रीय परीक्षेत, डेप्थ परसेप्शनला टी-स्कोअर ३८ आला आणि बाहेर पडलो. बाकीच्या चारही बॅटऱ्यांत ५० च्या वर होतो. आता पुन्हा सायकोसाठी नाव लागलंय, हातात पाच आठवडे आहेत. एक क्लास फक्त सायकोचे बारा हजार मागतोय. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, सायकोनंतर मुलाखत असते आणि तिथे 'सेटिंग' लागतं. मुलाखतीची तयारी कशी करू? क्लास लावू का? आणि डेप्थ परसेप्शन सुधारतं तरी का, की ते जन्मतःच असतं? चष्मा नाही. अर्ज ओबीसीतून आहे.
एक वाचक, भुसावळ

उत्तर : मुलाखतीचं आधी सांगते, कारण त्यात तुमचे पैसे बुडायची भीती आहे. एएलपीला मुलाखत नसते. केंद्र सरकारच्या गट 'क' पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या. पहिली सीबीटी, दुसरी सीबीटी, मग सीबीएटी म्हणजे आपण जिला सायको म्हणतो ती संगणकावरची चाचणी, त्यानंतर कागदपत्रांची तपासणी आणि शेवटी मेडिकल, एवढेच टप्पे. गुणवत्ता यादी लागते ती दुसऱ्या सीबीटीच्या भाग 'अ'चे ७० टक्के आणि सीबीएटीचे ३० टक्के धरून. यात समोर बसून मार्क देणारा माणूस कुठेच येत नाही, मग सेटिंग कोणाशी करणार? अशा लोकांची रीत ठरलेली असते. दहा जणांकडून पैसे उचलायचे, त्यातले दोन-तीन आपल्याच कष्टानं लागतात, त्यांचे पैसे 'काम झालं' म्हणून ठेवायचे आणि बाकीच्यांना झुलवत ठेवायचं. त्या गृहस्थांना एक रुपया देऊ नका. मूळ प्रमाणपत्रं किंवा हॉलतिकीट 'जरा ठेवतो' म्हणून मागितलं, तर तेही देऊ नका.

आता तुमचा ३८. टी-स्कोअर म्हणजे शंभरपैकी मार्क नव्हेत. या पद्धतीत सरासरी ५० धरतात आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा मोजायचं माप, १०. प्रत्येक बॅटरीत पास व्हायला किमान ४२ लागतो. म्हणजे ४२ ला पोचायचं तर सरासरीच्या खाली ०.८ विचलनापलीकडे घसरायचं नाही. तुम्ही १.२ विचलनानं खाली होतात. ऐकायला हे फार वाटतं, प्रत्यक्षात काही प्रश्नांचाच फरक असू शकतो. आणि अट प्रत्येक बॅटरीला वेगळी आहे, पाचांची सरासरी काढत नाहीत. कोणत्याही प्रवर्गाला यात सवलत नाही. चार ठिकाणी ६५ आणि पाचव्या ठिकाणी ४१ असेल, तरी उमेदवार बाहेर.

या अटीचा जोर किती आहे ते गणितानं पाहा. सर्वसाधारण वितरण धरलं तर एका बॅटरीत ४२ च्या खाली साधारण २१ टक्के राहतात. पाचही बॅटऱ्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही असं घटकाभर मानलं, तर पाचही पार करणारे शंभरात तीसच उरतील. प्रत्यक्षात एकीत चांगला असलेला दुसरीतही बहुधा बरा असतो, म्हणून आकडा याहून चांगला असणार. तरी दुसऱ्या सीबीटीत वरच्या नंबरात असलेली मुलं इथे का गळतात, हे यावरून कळतं. सायकोला जागांच्या आठपट उमेदवार बोलावतात. त्यातले पुष्कळजण जे जमतं त्याचाच सराव करत राहतात, कारण त्यात आकडा पटापट वाढलेला दिसतो. तुम्ही उलटं करा. पहिले तीन आठवडे तुमचा निम्मा वेळ एकट्या डेप्थ परसेप्शनला द्या.

आणि ४२ हे लक्ष्य धरू नका. घरी बसून टी-स्कोअर काढता येत नाही, तो बाकीच्यांच्या कामगिरीवर ठरतो. शिवाय ते ३० टक्के यादीत मोजले जातात, त्यामुळे काठावर पास होऊन हाती फारसं लागत नाही. घरी मोजायचं ते एवढंच : ठरावीक मिनिटांत किती बरोबर आणि चुकलेलं का चुकलं.

डेप्थ परसेप्शन सुधारतं का? सुधारतं. नावावरून गैरसमज होतो. दोन डोळ्यांनी मिळून खोली जाणवणं ही डोळ्यांची गोष्ट झाली, ती मेडिकलमध्ये वेगळी तपासतात. या बॅटरीत पडद्यावर विटांच्या रचनेचं सपाट चित्र येतं. विटा सगळ्या एकाच मापाच्या. खूण केलेल्या विटेला किती विटा टेकल्या आहेत ते सांगायचं. सपाट चित्रात दोन डोळ्यांचा काही उपयोग नाही. कोणती रेघ कोणत्या विटेमागे लपली आणि पलीकडे कुठे निघाली, यावरून डोक्यात रचना उभी करायची असते. हा तर्क आहे आणि तर्क सरावानं बसतो.

घरातल्या बारा काड्यापेट्या घ्या. त्यातल्या तीन लांब कडेवर उभ्या करा, एकमेकींना चिकटवून, लांबी तुमच्यापासून पलीकडे जाणारी. त्यांच्यावर दोन पेट्या आडव्या ठेवा, त्याही कडेवर आणि एकमेकींना चिकटून. आता खालच्या तिघींतली मधली पेटी घ्या. डावीकडे एक, उजवीकडे एक, वर दोन : एकूण चार. घाईत बहुतेकजण तीन म्हणतात, कारण वरची मागची पेटी पुढचीच्या आड गेलेली असते. खालची कडेची पेटी : शेजारी एक, वर दोन, एकूण तीन. वरची पुढची पेटी : खाली तीन, मागे एक, एकूण चार. आता वरची मागची पेटी बोटभर मागे सरकवा. पुढचीचे चाराचे तीन झाले, मधलीचे मात्र चारच राहिले. चित्रात हा बदल किती दिसतो? वरच्या पृष्ठभागावर एक बारीक फट, बस. आता या सगळ्याखाली तीन पेट्यांचा आडवा थर घाला, म्हणजे मधल्या पेटीला खालून आणखी तीन टेकतात आणि उत्तर सात होतं.

रचना समोरून, जरा वरच्या आणि बाजूच्या कोनातून मोबाइलवर टिपा आणि फोटो पाहून मोजा. खऱ्या ढिगाकडे पाहून मोजलंत तर तुमचे दोन डोळे मदत करतील, ती मदत परीक्षेत नसते. उत्तर लिहून झालं की ढीग उचकटून हातानं पडताळा. रोज आठ-दहा रचना पुरेत. आठवड्यात काड्यापेट्यांशिवायही चित्र फिरायला लागेल. मग कागदावरच्या आणि पडद्यावरच्या प्रश्नांकडे वळा.

मोजायचा क्रम एकदाच ठरवा आणि कधी मोडू नका : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे. विटेला सहाच बाजू आहेत, सहा वेळा विचारलं की सातवं काही उरत नाही. दिसणाऱ्या विटा आधी मोजून मग 'लपलेल्या किती असतील' असा अंदाज केला की चूक होतेच.

चुकांची वही ठेवा. या बॅटरीत चुका चारच जातीच्या निघतात. पहिली, मागची लपलेली वीट सुटली. दुसरी, एकच लांब वीट दुसरीच्या मागे जाऊन पलीकडे पुन्हा दिसते म्हणून दोनदा मोजली. ही फार फसवते, म्हणून दोन्ही तुकड्यांच्या वरच्या रेघा एका ओळीत येतात का ते पाहा. तिसरी, खालची बाजू विसरली. चौथी, नुसता कोपरा किंवा कड भिडलेली वीट टेकलेली धरली. सूचनेत टेकणं कशाला म्हटलंय ते नीट वाचा आणि नमुना प्रश्नावर खातरी करा. प्रत्येक चुकीपुढे एक, दोन, तीन किंवा चार असा आकडा लिहा. पाच-सहा दिवसांत एका आकड्याची गर्दी दिसेल. तुमचा ३८ बहुधा त्या एका जातीनंच आणला असेल. वेळ आत्ताच लावू नका. पहिले दहा दिवस घड्याळाशिवाय, चुका विसात एकावर आल्या की मग घड्याळ.

बाकीच्या चारांत तुम्ही बरे आहात. तरी त्यांना महिनाभर हात लावला नाही, तर हातची जातील.

मेमरी टेस्टला नकाशासारख्या चित्रावरच्या इमारती आणि त्यांच्या जागा लक्षात ठेवायच्या असतात. वेळ संपली की चित्र जातं आणि कोणती इमारत कुठे होती ते विचारतात. पाठ करणारे वरच्या चार-पाच इमारतींवरच रेंगाळतात आणि तळाच्या डोळ्याखालूनही जात नाहीत. म्हणून वेळेचे दोन भाग करा. पहिल्या अर्ध्यात डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून ठरलेल्या वाटेनं सगळ्यांवरून एक फेरी मारा, प्रत्येक इमारतीची एकच ठळक खूण धरत : घुमट, धुराडं, उतरतं छप्पर, उंच दार. दुसऱ्या अर्ध्यात तीच वाट शेवटाकडून उलटी. एकमेकींसारख्या दिसणाऱ्या दोन इमारतींपाशी थोडं जास्त थांबा, त्यांच्यातला फरक हाच पुढचा प्रश्न असतो. दिवसाला तीनच नकाशे करा आणि मध्ये दुसरं काम ठेवा. सलग दहा केले की सकाळचा नकाशा संध्याकाळच्यात मिसळतो आणि वाटतं की स्मरणशक्तीच गेली. ही बॅटरी उगाच नाही. लोको पायलटला सेक्शनवरचं प्रत्येक सिग्नल, चढ-उतार, वळण, वेगमर्यादेचा टप्पा डोक्यात ठेवावा लागतो. रोड म्हणजे तो मार्ग शिकल्याशिवाय त्याला त्या सेक्शनवर गाडी देत नाहीत.

फॉलोइंग डायरेक्शन्समध्ये नियम दिलेले असतात आणि ते सांगितलेल्या क्रमानं लावून उत्तर काढायचं असतं. इथे हुशार मुलं जास्त अडकतात, कारण दोन प्रश्न सुटले की तिसऱ्याला नियम न वाचता आठवणीवर उत्तर देतात. अपवादाचा नियम हाच पहिला विसरतो. पहिल्या पाच प्रश्नांना प्रत्येक वेळी नियमाकडे डोळा टाका, मग सवय आपोआप लागते.

मराठीतून तयारी करणाऱ्यांना इथे एक जास्तीची अडचण येते. सीबीटी मराठीतून देता येते, सीबीएटीचे प्रश्न मात्र फक्त हिंदी आणि इंग्रजीत असतात. सूचना पहिल्यांदाच हिंदीत वाचताना 'क्रमशः', 'समरूप', 'उपर्युक्त', 'को छोड़कर' अशा शब्दांपाशी क्षणभर थबकायला होतं. 'को छोड़कर' नजरेतून सुटलं की उत्तर नेमकं उलटं. दोन्हींपैकी एक भाषा आजच ठरवा आणि पाच आठवडे सगळा सराव त्याच भाषेतून करा. परीक्षेत दोन्हींकडे आळीपाळीनं पाहत बसणं परवडत नाही.

उरल्या परसेप्च्युअल स्पीड आणि कॉन्सन्ट्रेशन. दोन्हींत डोळ्यांना शिस्त लागते. ४७१८९३६२ हा आकडा दिला आणि चार-पाच सारख्या आकड्यांतून तोच शोधायचा असेल, तर प्रत्येक पर्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत ताडून पाहू नका. आकड्याचे तीन तुकडे करा : ४७१, ८९, ३६२. मधला तुकडा मनात धरून सगळ्या पर्यायांवरून एकच नजर फिरवा. ४७१९८३६२ हा पर्याय तिथल्या तिथे गळतो. सुरुवात आणि शेवट डोळा आपोआप टिपतो, अदलाबदल मधेच लपते. आकृत्यांनाही हेच लागू. पूर्ण आकृती ताडण्यापेक्षा एक कोपरा किंवा एका बाणाची दिशा घेऊन सगळे पर्याय चाळा.

कॉन्सन्ट्रेशनसाठी एक कागदी सराव सांगते. ओळीला चाळीस अंक, अशा पंचवीस ओळी छापून घ्या. ज्या ४ च्या आधी ७ आहे तेवढेच ४ खोडा. शेजारी कोणाला तरी बसवा, दर मिनिटाला त्यांनी 'हं' म्हणायचं आणि तुम्ही जिथे असाल तिथे उभी रेघ मारायची. नंतर प्रत्येक दोन रेघांमध्ये किती अंक पार झाले आणि किती ४ सुटले ते मोजा. एखाद्या मिनिटात वेग तोच राहून सुटलेले वाढलेले दिसतील, तिथे मन बाहेर गेलं होतं. वेग आणि चुका दोन्ही ढासळल्या असतील तर तो थकवा. पहिल्याला ओळ संपली की एक श्वास घ्यायची सवय पुरते. दुसऱ्याला झोप लागते, सराव नाही.

वेग किती ठेवावा? शंभरात तीनपेक्षा कमी चुकत असाल तर तुम्ही हळू आहात, आणखी पळा. आठाच्या वर गेलात तर आवरा. सीबीएटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून शेवटच्या काही सेकंदांत उरलेल्या प्रश्नांना काहीतरी उत्तर द्यायला हरकत नाही. पण सीबीटीच्या दोन्ही टप्प्यांत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, ती 'खातरी नसेल तर सोडा' ही सवय घेऊन मुलं इथे येतात आणि प्रश्न कोरे ठेवतात. ती सवय सायकोच्या दारात सोडायची.

क्लासचे बारा हजार. प्रश्नांचे नमुने आरडीएसओच्या संकेतस्थळावर सायको विभागाच्या उमेदवारांच्या पानावर फुकट मिळतात. लखनौची आरडीएसओ ही रेल्वेचीच संस्था, आणि या चाचण्या तीच तयार करते. तेव्हा आधी ते नमुने उघडा, एकेका बॅटरीची सूचना शब्दन्‌शब्द वाचा, मग क्लासचा विचार करा. क्लासला जाऊन तीन गोष्टी विचारा. संगणक आणि माउसवर सराव मिळतो का? पाचही बॅटऱ्या वेगवेगळ्या वेळेनं, एकामागून एक देता येतात का? चुकलेल्या प्रश्नांचा हिशेब हातात मिळतो का? तिन्हींना 'हो' आलं तरी तुमच्यासारख्या एकाच बॅटरीत अडकलेल्याला पूर्ण कोर्सची गरज मला दिसत नाही. नुसत्या छापील पुस्तिका देत असतील तर बारा हजार वाया.

माउसचा मुद्दा मी मुद्दाम घेतला. सगळा सराव मोबाइलवर होतो, तिथे बोट थेट उत्तरावर पडतं. परीक्षेत पडदा मोठा, माउस परका, आणि नजर चित्रावरून बाणावर, बाणावरून पर्यायावर फिरते. प्रश्नामागे अर्धा सेकंद गेला, तरी वेगाच्या बॅटरीत तो दिसतो. घरी संगणक नसेल तर सायबर कॅफे, आयटीआयची लॅब, मित्राचा लॅपटॉप, जे मिळेल ते धरा. लॅपटॉपला माउस लावा, टचपॅडवर सराव करू नका. आठवड्यातून तीन बैठका पुरेत.

वेळापत्रक शिफ्टवर बेतावं लागेल. रोज दीड तास, दोन बैठकांत. त्यातली चाळीस-पंचेचाळीस मिनिटं डेप्थ परसेप्शन, उरलेल्या वेळात बाकीच्यांपैकी दोन आळीपाळीनं. रात्रपाळी करून आलात तर त्या सकाळी सराव करूच नका. झोपाळलेल्या डोक्यानं केलेल्या सरावात चुकीची सवय पक्की होते आणि आकडे पाहून उगाच मन खचतं. आधी झोप, मग संध्याकाळी. चौथ्या आठवड्यापासून पाचही बॅटऱ्या सलग द्यायला लागा, आठवड्याला दोनदा, हॉलतिकिटावरच्या रिपोर्टिंगच्या वेळेलाच. सुरुवातीला आकडे भराभर चढतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थांबतात. सगळ्यांचे थांबतात, तेव्हा पद्धत बदलू नका. परीक्षेआधीच्या तीन रात्री मात्र रात्रपाळी नको. सुपरवायझरशी आजच बोला, पाळीची अदलाबदल आयत्या वेळी जमत नाही.

आता डोळे. चष्मा नाही म्हणजे पास, असं धरून चालू नका. एएलपीला ए-१ हा सगळ्यात कडक वैद्यकीय वर्ग लागतो. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना ६/६, शिवाय जवळची नजर, रंगांची ओळख, दोन्ही डोळ्यांची एकत्रित दृष्टी, रात्रीची आणि मंद उजेडातली दृष्टी, सगळं तपासतात. फॉगिंग टेस्टमध्ये +२ चा भिंग लावतात. तो लावल्यावर अक्षरं धूसर व्हायला हवीत. स्वच्छच दिसली तर डोळ्यात लपलेला प्लस नंबर आहे असा अर्थ. तरुणपणी डोळ्याचे स्नायू जोर लावून तो नंबर झाकतात, वय वाढलं की तो उघडा पडतो. म्हणून नेहमीच्या तपासणीत ६/६ वाचणारा इथे थांबू शकतो. रंगांसाठी ठिपक्यांच्या इशिहारा तक्त्यांसारख्या चाचण्या असतात. लेसर करून नंबर काढलेला असेल तर या वर्गात बसत नाही, ते लपवायच्या भानगडीत कोणीच पडू नये. कॅबमध्ये सिग्नल दिसल्यावर असिस्टंटनं त्याचा रंग मोठ्यानं पुकारायचा असतो आणि लोको पायलटनं दुजोरा द्यायचा असतो. लाल-हिरव्यात घोटाळा होणारा माणूस तिथे बसला तर मागच्या डब्यांतल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो.

या आठवड्यातच नेत्रतज्ज्ञाकडे जा. ए-१ चे निकष छापून सोबत न्या आणि +२ व इशिहारा दोन्ही करायला सांगा. जाण्याआधी चार-पाच तास मोबाइलमध्ये डोकं घालू नका. जवळचं पाहून स्नायू आखडले की लांबची नजर तात्पुरती उतरते आणि उगाच ६/९ लिहिलं जातं. जाहिरातीतल्या नमुन्यातलंच दृष्टी प्रमाणपत्र मूळ प्रतीत घ्या, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक तपासून. ते सायकोच्या दिवशी सोबत न्यावंच लागतं, नसेल तर चाचणीला बसू देत नाहीत. साध्या लेटरहेडवर लिहून आणलेलं चालत नाही. रंगांच्या तपासणीत अडचण निघाली तर वाईट वाटेल, पण ते आत्ता कळणं बरं. टेक्निशियनच्या पदांना वैद्यकीय वर्ग वेगवेगळे असतात आणि तुमचा इलेक्ट्रिशियन ट्रेड तिथेही चालतो.

परीक्षेच्या दिवसाचं फार काही नाही. केंद्र लांबचं असेल तर आदल्या दिवशीच पोचा. पोटभर जेवून बसू नका, उपाशीही बसू नका. प्रत्येक बॅटरीआधी पडद्यावर सूचना येतात, त्या पाठ आहेत म्हणून पुढे ढकलू नका. एखादी बॅटरी वाईट गेली असं वाटलं तर तिचा हिशेब तिथेच सोडा, कारण तुलना इतरांशी आहे. तुम्हाला अवघड गेलेली बहुतेकांना अवघड गेलेली असते. मागची चूक पुढच्या बॅटरीत घेऊन जाणारे मात्र दोन्ही गमावतात.

राहिली कागदपत्रांची तपासणी, आणि तुम्ही ओबीसीतून अर्ज केला आहे म्हणून ती आत्ताच काढते. राज्याच्या नमुन्यातलं जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेयर घेऊन तिथे पोचणारी मुलं दरवेळी अडकतात. रेल्वेला केंद्र सरकारच्या नोकरीसाठीच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागतं, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. नमुना जाहिरातीच्या परिशिष्टात आहे, तो छापून सेतू केंद्रात न्या. प्रमाणपत्र कोणत्या तारखेला वैध हवं, हेही जाहिरातीत पाहा. दहावीचं प्रमाणपत्र, आयटीआयची गुणपत्रिका आणि आधार यांवरचं नाव अक्षर न्‌ अक्षर जुळतं का ते बघा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर असेल, तर दुरुस्तीला लागणारे आठवडे सायकोचा निकाल लागेपर्यंतच तुमच्या हातात आहेत.